रंगखान्याची ओळ

मला पसारा सहन होत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. दारातली चप्पल वाकडी दिसली तरी माझं डोकं फिरतं. आई म्हणते, ही स्वयंपाकघरात आली की डबेसुद्धा ताठ उभे राहतात. वडील रेल्वेत होते. भुसावळहून त्यांची जयपूरला बदली झाली तेव्हा मी तिसरीत होते, आणि सामानाच्या खोक्यांवर आकडे घालून कशात काय आहे याची यादी करायचं काम मी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. पुढे शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी, त्यामुळे माझ्या बोलण्यात दर दोन वाक्यांमागे एक 'मतलब' येतो. लिहिताना तो मी खोडते. तोही पसाराच.

या स्वभावाला नोकरी मात्र साजेशी मिळाली. जयपूरजवळ सांगानेरला लाकडी ठशांनी कापड छापून परदेशी पाठवणारी एक कंपनी आहे, तिथे मी डेटाबेसचे सर्व्हर सांभाळते. नक्षीचे नमुने, ऑर्डरी, कोणत्या छटेसाठी कोणता रंग किती मिसळायचा त्याच्या कृती, हे सगळं ज्या पाच संगणकांत साठवलेलं असतं ते चालू ठेवायचे, आणि त्यांत भलतं कोणी शिरणार नाही हे बघायचं. विभागात आम्ही तिघंच: आमचे साहेब, मी आणि काका.

काका मूळचे अकोल्याचे. एका बँकेच्या संगणक विभागात होते, बदलीवर जयपूरला आले, मुलं इथे रुळली, मग पुढची बदली आली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि आमच्या कंपनीत आले. मी नोकरीला लागले तेव्हा ही मराठी आहे असं कळल्यावर त्यांनी मला पहिला प्रश्न कामाचा विचारलाच नाही. घरी फोडणी कोणत्या तेलाची, शेंगदाण्याच्या की मोहरीच्या, असं विचारलं. शेंगदाण्याच्या म्हटल्यावर त्यांनी मला शिष्य म्हणून पत्करलं.

डेटाबेसमधलं मला जे येतं ते त्यांनी शिकवलेलं. त्यांच्या दोन सवयी तर मी जशाच्या तशा उचलल्या. एक म्हणजे, सर्व्हरवरच्या कोणत्याही फाइलमध्ये बदल केला की शेजारी आपली आद्याक्षरं, तारीख आणि कारण लिहायचं. ही टीप यंत्र वाचत नाही, ती आपल्या मागून येणाऱ्या माणसासाठी असते. दुसरी, फाइल उघडली की वर रेंगाळायचं नाही. 'शिफ्ट' आणि 'जी' ही दोन बटणं दाबून थेट तळाशी जायचं. नवं लिहायचं ते तळाशी, म्हणून बघायचं तेही तळाशी. वरच्या ओळी त्यांना पाठच असायच्या.

आमच्या डेटाबेसचं दार वर्षानुवर्षं सताड उघडं होतं. ऑफिसातल्या कोणत्याही संगणकावरून कोणीही आत जावं, कोणी पासवर्ड विचारत नसे. हा कुणाचा मूर्खपणा नव्हता. दोन संगणक आणि चार माणसं होती तेव्हा ते चालून गेलं, आणि चालतंय म्हणून तसंच राहिलं. मग एका परदेशी खरेदीदाराने कागद पाठवला: आमची माहिती तुमच्याकडे आहे, तर दाराला कुलपं कशी लावली आहेत ते दाखवा. साहेबांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला, आणि मला सण असल्यासारखा आनंद झाला.

प्रत्येक सर्व्हरवर एक फाइल असते, वर छापील सूचनांची दोन-तीन पानं आणि तळाशी कामाच्या ओळी. त्यांतल्या एकेका ओळीत लिहिलेलं असतं, कोणत्या संगणकावरून, कोणत्या नावाने आत यायचं आणि येताना ओळख कशी पटवायची. आमच्या फाइलमध्ये कामाची एकच लांबरुंद ओळ होती, ऑफिसातल्या सगळ्यांना काही न विचारता आत घेणारी. ती मी काढून टाकली. तिच्या जागी, ज्या संगणकांना खरोखर गरज आहे तेवढ्यांच्याच ओळी घातल्या आणि प्रत्येकाला वेगळा, पक्का पासवर्ड दिला.

पण पाच फाइली हाताने लिहायच्या आणि त्या तशाच राहतील अशी आशा करायची, हे माझ्या स्वभावात नाही. म्हणून मी त्यांच्यावर एक प्रोग्रॅम बसवला. फाइल कशी असायला हवी त्याचा मूळ नमुना एका जागी ठेवायचा. प्रोग्रॅम दर अर्ध्या तासाने पाचही सर्व्हरांवर चक्कर मारतो, तिथली फाइल नमुन्याशी ताडून बघतो, आणि एका अक्षराचा फरक सापडला तरी ती पुसून नमुन्याप्रमाणे पुन्हा लिहितो. विचारणं नाही, सांगणं नाही. आई येता-जाता दारातल्या चपला पायाने सरळ करते, तसं. उंटावरून शेळ्या हाकायची सोय झाली होती आणि मला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

हे सगळं मी दिवाळीत केलं. ऑफिस रिकामं, फोन बंद, काम करायला त्याहून चांगले दिवस कोणते? कोणत्या संगणकांना गरज आहे हे ठरवायला मी आठवडाभर सर्व्हरवर कोण येतं-जातं याची नोंद बघितली. जे आले ते यादीत. आता लिहिताना कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो. दिवाळीत सांगानेरमध्ये कोण काम करतं? छापणारे, रंगवणारे सगळे आपापल्या घरी. आमचा रंगखाना कुलूपबंद. तिथल्या कोपऱ्यात एक जुना संगणक आहे, नव्या छटेची कृती छापून बादलीवर चिकटवायची चिठ्ठी त्यावर निघते. तो प्रोग्रॅम काकांनीच कधीकाळी लिहिलेला. दिवाळीत तो संगणकही बंद होता, म्हणून माझ्या यादीत आलाच नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

त्या पंधरवड्यात काका अकोल्याला गेले होते. बाकीच्यांना मी बैठक घेऊन सगळं समजावलं. काका परत आले त्या दिवशी एवढंच म्हटलं, की काका, आता पासवर्ड सक्तीचे झालेत, बाकीचं मेलमध्ये आहे. मेल तीन पानी होता, इंग्रजीत, आणि सुट्टीवरून आलेल्या माणसाच्या शे-दोनशे मेलच्या ढिगात पडलेला. शिवाय प्रत्येक फाइलच्या पहिल्याच ओळीत मी सूचना घातली होती, ही फाइल प्रोग्रॅम लिहितो, हाताने केलेला बदल टिकणार नाही. सूचना पहिल्या ओळीत आणि काका तळाशी जाणारे. हे मला सुचायला हवं होतं, कारण तळाशी जायला मलाही त्यांनीच शिकवलं होतं.

प्रोग्रॅम रोज सकाळी मला मेल पाठवायचा: पाचही सर्व्हर तपासले, सगळं ठीक. रंगखाना सुरू झाल्यावर त्यात आठवड्यातून दोनेकदा वेगळी ओळ येऊ लागली: एका सर्व्हरवर फरक सापडला, दुरुस्त केला. मला वाटलं, नवा प्रोग्रॅम आहे, दोन शब्दांमधल्या एखाद्या जादा रिकाम्या जागेवरून कुरकुर करत असेल. तसं होतं कधीकधी. डिसेंबर लागेपर्यंत मी ते मेल, आधीचे धरून, न उघडता परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जातील अशी व्यवस्था केली. रोज सकाळी नजरेसमोर कचरा नको.

त्याच दिवसांत काका गप्प होत गेले. चार वाजता आम्ही दोघं फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा प्यायचो, ते थांबलं. संध्याकाळी मानसरोवर वसाहतीतल्या घरापर्यंत ते माझ्या स्कूटरवर मागे बसून यायचे आणि रस्ताभर माझ्या गाडी चालवण्यावर टीका करायचे, तेही थांबलं. तू हो पुढं, मी बसनं येतो, असं म्हणू लागले. एक छोटी डायरी आणली होती, तीत सारखं काहीतरी लिहायचे. कपाटाला कुलूप लावून जिन्यापर्यंत जायचे आणि परत येऊन कुलूप ओढून बघायचे. सगळ्यात विचित्र म्हणजे माझ्याशी वाद घालणं त्यांनी सोडून दिलं. काही विचारलं की म्हणायचे, तुले बरोबर वाटते तसं कर.

मला वाटलं, रुसले. इतकी वर्षं ज्याला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं त्याच्या गैरहजेरीत एवढं मोठं काम झालं, ते झोंबलं असेल. मग मीही ताठले. रुसायचं तर रुसू देत, आपण काही चूक केलेली नाही. आठ-आठ दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं व्हायचं. माझ्या स्वभावातली ही गोष्ट मला मुळीच आवडत नाही, आणि ती गेलेलीही नाही.

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी काकूंकडे हळदीकुंकू होतं. या दिवसांत जयपुरातल्या मराठी बायका एकमेकींच्या घरी जात असतात, रेल्वेवाल्या, बँकवाल्या, विमावाल्या. माझं लग्न झालेलं नाही, पण काकू माझ्यासाठीही वाण काढून ठेवतात. गेले तेव्हा बैठकीत दहा-बाराजणी होत्या. काका नव्हते, पुरुषमाणसांना अशा दुपारी बाहेर पिटाळतात. काकूंनी तिळाच्या लाडवांच्या वाट्या भरायला म्हणून मला आत नेलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"यायनं राजीनामा लिहून ठेवला," त्या म्हणाल्या. "उद्या देऊन राहिले. तुले सांगतलं असंल ना?"

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. काकूंनी मग ओट्याकडे तोंड करून, लाडू मोजल्यासारखं करत सांगितलं. काकांचे थोरले भाऊ अकोल्याला असतात. चार वर्षांपूर्वी ते विसरायला लागले, आधी किल्ल्या, मग वार, मग माणसं. या दिवाळीत काका पंधरा दिवस त्यांच्याजवळ राहिले आणि निघताना पाया पडले तेव्हा भावाने विचारलं, आपण कोणाकडचे? तिथून आल्यापासून काकांना खात्री वाटत होती, की आता आपली पाळी. कारण ऑफिसात त्यांचं तेच सुरू झालं होतं. काकू एकट्याने हे दोन महिने उरात घेऊन होत्या. मुलांना सांगायचं नाही, अशी काकांनी शपथ घातली होती.

मी विचारलं, म्हणजे नेमकं काय होतं? काकूंना ते नीटसं सांगता येत नव्हतं, पण काकांचे शब्द त्यांना पाठ होते.

"रंगखान्यासाठी एक ओळ लिहितात म्हणे मशीनीत. अन् दोन-तीन दिवसानं जाऊन पाहतात त ओळ नसते. पुन्हा लिहितात, पुन्हा नसते. मी म्हटलं, कोणी पुसली असंल. त म्हणतात, कोण पुसंल? तिथं मी जातो नाहीतर ती पोरगी जाते. अन् ती पोरगी मले न सांगता काही करत नाही."

माझ्या हातात वाटी होती, ती मी ओट्यावर ठेवली. काकू बोलतच होत्या. राजा पार्कातल्या एका डॉक्टरांकडे काका एकटे जाऊन आले होते. डॉक्टरांनी शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं आणि म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही. काकांचा विश्वास बसला नाही. डॉक्टरांची परीक्षा पंधरा मिनिटांची आणि आपली ओळ तर दोन दिवसांनी जाते, असं त्यांचं म्हणणं. घरात त्यांनी सगळ्या किल्ल्यांना नावांच्या पट्ट्या लावल्या होत्या. गॅसचं बुकिंग कसं करायचं, मुलाला फोन कसा लावायचा, विजेचा फ्यूज कुठे आहे, हे काकूंना रोज संध्याकाळी थोडंथोडं शिकवत होते. आपण ओळखेनासे होऊ तेव्हा हिची अडचण होऊ नये म्हणून.

बाहेरून कोणीतरी काकूंना हाक मारली. मी कशीबशी म्हणाले, की काकू, त्यांना बहुतेक काही झालेलं नाही, मी उद्या सांगते. काकूंनी माझ्या गालाला हात लावला. मी धीर देतेय असं त्यांना वाटलं. त्यांच्या बोटांचं हळदीकुंकू माझ्या गालाला लागलं ते मी घरी येईपर्यंत पुसलं नाही.

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि मेलचा तो कप्पा उघडला. फरक सापडल्याचे सतरा मेल होते. माझा प्रोग्रॅम जे पुसतो ते टाकून देत नाही, नेमकं काय पुसलं ते मेलमध्ये जसंच्या तसं लिहून पाठवतो. सतरा मेलमध्ये सतरा ओळी होत्या. प्रत्येक ओळ रंगखान्याच्या त्या जुन्या संगणकाला आत घेणारी आणि प्रत्येकीशेजारी काकांची टीप, रोमन अक्षरांत मराठी, त्यांच्या पद्धतीप्रमाणे.

काय घडत होतं ते तिथे बसल्या बसल्या उलगडलं. नवी छटा निघाली की रंगखान्यातले रंग मिसळणारे उस्ताद संगणक चालू करत, तो सर्व्हरमध्ये शिरू शकत नसे, कारण माझ्या यादीत तो नव्हता. उस्ताद काकांना फोन करत. काका फाइल उघडून तळाशी जात, ओळ घालत, काम सुरू होई. एकदा जोडलं गेलेलं संध्याकाळपर्यंत जोडलेलं राहतं, म्हणून त्या दिवशी कुणाला काही कळत नसे. आणि अर्ध्या तासाच्या आत माझा प्रोग्रॅम येऊन ती ओळ, टिपेसकट, पुसून जाई. दोन-तीन दिवसांनी उस्तादांचा पुन्हा फोन. काका तळाशी जात तेव्हा तिथे ओळ नसे, तारीख नसे, स्वतःची आद्याक्षरंही नसत.

पहिल्या टिपेत नुसतं लिहिलं होतं: रंगखाना संगणक. चौथीत: रंगखाना, जतन केले. सातवीत: जतन केले, दोनदा पाहिले. अकरावीत: परवाही लिहिले होते असे वाटते. चौदाव्या टिपेत कारण नव्हतंच, फक्त एवढं होतं: हे मीच लिहीत आहे.

मी रडले. लाजेने रडले, हे लिहून ठेवते. मी त्यांना रुसलेला म्हातारा समजत होते आणि ते दोन महिने स्वतःच्या डोक्यावर पहारा देत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्यासी राजीनामा घेऊन आपल्या पायांनी निघाला होता. आणि ती पोरगी मला न सांगता काही करत नाही, एवढ्या एका भरवशावर त्यांनी माझ्यावरचा संशय काढून स्वतःवर घेतला होता.

फोन तेव्हाच करायला हवा होता. हातात घेतलाही. मग स्वतःला म्हटलं, फोनवर त्यांना पटणार नाही, कागद समोर ठेवले पाहिजेत. हे खरंच होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. मला भीती वाटत होती. माझ्या भीतीपायी मी त्यांना आणखी एक रात्र त्या काळजीत राहू दिलं, ही गोष्ट मला अजून टोचते.

सोमवारी मी सर्वांच्या आधी ऑफिसात पोचले आणि सतराही मेल छापून त्यांच्या टेबलावर ठेवले. काका आले. शर्टाच्या खिशातून पांढरा लिफाफा डोकावत होता. मी म्हटलं, "काका, साहेबांकडे जायच्या आधी हे बघा. तुमची एकही ओळ तुम्ही विसरला नव्हतात. त्या मी पुसत होते."

ते बसले. चष्मा बदलला. पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, मग बॅगेतून डायरी काढली. डायरीत प्रत्येक वेळची नोंद होती, तारीख, वेळ आणि 'केले'. ते एक कागद बघत, डायरीतली नोंद शोधत आणि पेन्सिलीने खूण करत. मी शेजारी उभी राहून प्रोग्रॅम म्हणजे काय, अर्ध्या तासाने काय होतं, ते सांगत होते. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

शेवटी एक कागद उरला. डायरीत सोळाच नोंदी होत्या. त्यांनी पानं मागे-पुढे केली, पुन्हा केली. एवढं करून या एका कागदाने सगळं फिसकटतं की काय?

"हे एक मात्र मी खरंच विसरलो," ते म्हणाले, आणि हसायला लागले. हसता हसता चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. मी पाणी आणून दिलं.

राग नंतर आला, आणि तो यायलाच हवा होता. ग्लास खाली ठेवून, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुनं सांगतलं काहून नाही?" मी बैठकीचं, मेलचं, पहिल्या ओळीतल्या सूचनेचं सांगितलं. सांगताना माझं मलाच ऐकवेना. मग म्हटलं, चुकलं माझं. मी मेल लिहिला, तुमच्या शेजारी बसून सांगायला पाहिजे होतं. ते बरं म्हणाले नाहीत. पुढे आठ दिवस ते बसनेच गेले, आणि मी ते निमूट सोसलं.

पण त्या सकाळी कामाला आम्ही दोघं मिळूनच बसलो. रंगखान्याच्या संगणकाला विनापासवर्ड घेता येणार नव्हतं, म्हणून काकांनी आपल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये पासवर्डाची सोय केली. दहा वर्षांपूर्वीचं स्वतःचं लिखाण त्यांनी उघडलं आणि न चाचपडता नेमक्या जागी बदल केला. मी बघत राहिले. मग मी मूळ नमुना उघडून दिला आणि रंगखान्याची ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने त्यात लिहिली, शेजारी आद्याक्षरं, तारीख, कारण. प्रोग्रॅमने फेरी मारली आणि ओळ सर्व्हरवर आली. मी म्हटलं, झालं, आता ही राहणार. काका म्हणाले, पुढची फेरी होऊ दे.

म्हणून आम्ही अर्धा तास त्या फाइलसमोर बसून राहिलो. साहेब येऊन गेले. रंगखान्यातून रंग उकळल्याचा वास येत होता. पडद्यावरून नजर न हलवता काका म्हणाले,

"दादा बी असंच म्हणे. माह्या वस्तू कोणी तरी हलवते. आम्ही सगळे त्याले समजावत होतो का बाबा, कोणी हलवत नाही, तूच विसरतो. एकानंही उठून पाह्यलं नाही."

भावाचा आजार खरा आहे, तपासण्या झाल्या आहेत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी मी ते म्हटलं नाही.

फेरी झाली. काकांनी फाइल पुन्हा उघडली, सवयीने तळाशी गेले. ओळ होती. मग खिशातला लिफाफा काढून ड्रॉवरमध्ये टाकला आणि तिथूनच, माझ्यासमोरच, घरी फोन लावला.

मले काही झालं नाही, असं त्यांनी आधी सांगितलं. मग ओळ कोण पुसत होतं तेही सांगितलं, माझं नाव घेऊन, जरा चढवूनच.

"अन् ऐक," ते म्हणाले, "आठ दिवसापासून तुह्या वरणात मीठ जास्त पडून राहिलं. मी बोललो नाही, मले वाटलं माह्यीच चव गेली."

काकूंचा आवाज मग टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आला. त्या भांडत होत्या आणि रडत होत्या. काकांनी फोन कानापासून थोडा लांब धरला आणि सगळं ऐकून घेतलं.